ओरिएंटेशन झालं, आता वार लावा

आमच्या गोव्यात एक समज पक्का बसलेला आहे, परदेशी माणूस म्हणजे आम्हाला काय नवीन नाही. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते, मग हिप्पी आले, मग चार्टर विमानं भरभरून ब्रिटिश आणि रशियन, त्यामुळे बाहेरच्या माणसाशी कसं वागायचं ते आम्ही आईच्या पोटातूनच शिकून आलोय अशी आमची खात्री असते. मला हे साफ चुकीचं वाटतं. आम्हाला टुरिस्ट कळतो. टुरिस्ट पंधरा दिवस राहतो, पैसे मोजतो, मासे खातो, उन्हात लाल होतो आणि जातो. एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर आलेली एकवीस-बावीस वर्षांची पोरगी ही वेगळीच केस आहे. तिला जुलैच्या पावसात न सुकलेले कपडे घालून नऊच्या लेक्चरला पोचायचं असतं, ७५ टक्के अटेंडन्स भरायची असते, आणि टुरिस्टाएवढे पैसे तिच्याकडे नसतातच. तिला काय लागतं हे आम्हाला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची फार हौस आहे असंही दिसत नाही.

कोणी म्हणेल, ओरिएंटेशन असतं की. असतं ना, मी कॉलेजात शिकवतो, अशी बरीच ओरिएंटेशनं बसून बघितलीयत. समई पेटते, प्रत्येकाला गुलाबाचं फूल, आमच्या मुली फुगडी घालतात, मग पीपीटी आणि पहिल्याच स्लाईडवर अतिथी देवो भव, मग ग्रुप फोटो, मग तिखट कमी केलेली शाकुती. तीन वाजता देव आपापल्या रूमवर. आणि रूमवर गेल्यावर कळतं की बाथरूममध्ये शॉवर नाही, बादली आणि पाणी घ्यायचा मग लागतो आणि तो आपला आपण आणायचा, गादी पण आपली आपण, मच्छरदाणी पण, आणि हे सगळं कुठे मिळतं आणि तिथे बस किती वाजेपर्यंत असते हे त्या पीपीटीत कुठेच नव्हतं. विद्यापीठाचा इतिहास मात्र होता, १९८५ पासूनचा.

मला सांगायचंय ते एवढंच की नव्या देशात आलेल्या मुलाला रुळायला समारंभ उपयोगाचा नाही, त्याला ठरलेल्या दिवशी ठरलेला माणूस लागतो. दर आठवड्याला, सेमिस्टर संपेपर्यंत. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आधी कागदपत्रांचं सांगून टाकतो कारण पहिले पंधरा दिवस त्यातच जातात. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांच्या आत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात, नोंदणी. ती आता ऑनलाइन होते पण त्याला राहण्याचा पुरावा जोडायचा. राहण्याचा पुरावा म्हणजे घरमालक आला. ज्याच्याकडे परदेशी माणूस राहायला येतो, मग ते हॉटेल असो, हॉस्टेल असो की कोणाच्या घरातली एक खोली, त्याने २४ तासांत ठरलेला फॉर्म (आधी याला फॉर्म सी म्हणायचे) भरून कळवायचं असतं. आता आमचे घरमालक. भाडं रोख पाहिजे, ॲग्रीमेंट नको, फॉर्मचं नाव काढलं की "अगो ते पोलिसांचं लफडं आम्हाला नको" म्हणून मोकळे, वर ऑक्टोबर उजाडला की त्याच खोलीला टुरिस्टाकडून दुप्पट मिळतात म्हणून मुलीला सेमिस्टरच्या मध्येच खोली रिकामी करायला सांगणार. सिमकार्ड मिळेपर्यंत ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून बँकेचं काम अडतं, बँक नाही म्हणून यूपीआय नाही, आणि आता गाड्यावर चहा घेतला तरी सगळे क्यूआर कोड दाखवतात.

हे सोडवायला रॉकेट सायन्स लागत नाही, एक माणूस आणि त्याचा एक फोन नंबर लागतो. नवीन शिक्षण धोरणात, २०२० च्या, लिहिलेलंच आहे की परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी वेगळं ऑफिस असावं, आणि २०२१ मध्ये यूजीसीनेही त्याच्या गाइडलाइन्स काढल्या. पाटी लावायला कितीसा वेळ लागतो. पाटीच्या मागे बसलेल्या बिचाऱ्या प्राध्यापकाकडे नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, पण काम असतं, परीक्षेचं पण आणि एनएसएसचं पण. त्याला दोष देऊन काय होणार, त्याचे दोन लेक्चर कमी करा आणि मग विचारा.

मानसिक बाजूबद्दल थोडं. कल्चर शॉक हा शब्द आपण आता कशालाही वापरतो पण तो लोकांच्या तोंडी बसवला कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने, १९५४ साली रिओला दिलेल्या एका भाषणातून. पुढच्याच वर्षी लिसगार्ड नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून सांगितलं की सुरुवातीला मजा, मग घसरण, मग पुन्हा वर. हाच तो इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख, जो अजून प्रत्येक वर्कशॉपमध्ये दाखवतात. गंमत म्हणजे नंतर न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी मुलांची आल्या दिवसापासून पाहणी केली (१९९८ ला छापून आली ती), तर निघालं की सर्वात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होतो, हनिमून वगैरे काय नाय. मला हे जास्त पटतं, कारण मी बघितलेल्या मुलांचे चेहरे पहिल्या आठवड्यातच उतरलेले असतात, फक्त फोटोत हसतात म्हणून आपल्याला वाटतं सगळं मस्त चाललंय. म्हणजे मदत पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त पाहिजे, आणि आपण पहिल्या आठवड्यात काय देतो तर गुलाबाचं फूल.

आणि मग येते चवथ.

गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला पाहिजे, आमच्याकडे गणपती म्हणजे मांडवातला कार्यक्रम कमी आणि घरातला जास्त. माणूस पणजीत राहो नाहीतर दुबईत, चवथीला मूळ घरी जायचं म्हणजे जायचं. हॉस्टेल दोन दिवस आधीपासून रिकामं व्हायला लागतं, मेसवाला आपल्या गावी, कँटीनला कुलूप, बाजारात सुद्धा शुकशुकाट. पणजीत चवथीच्या दिवशी दुपारी चहा मिळवून दाखवा म्हणजे कळेल. आता जुलैत आलेली मुलगी, दीड-दोन महिने झालेत, नव्याची नवलाई संपलीय, अशा वेळी अख्खा मजला एका संध्याकाळी बॅगा भरून निघून जातो. एका संस्थेच्या हॉस्टेलमध्ये, नाव घेत नाही, एक युरोपातली मुलगी अशीच मागे राहिली होती. तिला सुट्टी आहे एवढं माहीत होतं, दुकानं बंद असणार आणि मेस बंद असणार हे कोणी सांगितलंच नव्हतं. मॅगी आणि बिस्किटांवर काढले तिने ते दिवस, पाणी गरम करायला किटली, ती पण रूममध्ये ठेवायला बंदी म्हणून कपाटात लपवलेली. नंतर तिच्या वर्गातल्या पोरींना कळलं तर त्यांना इतकं वाईट वाटलं, प्रत्येकीला वाटलं होतं की दुसरीने घरी बोलावलं असेल. एकजण पण वाईट नव्हती हो त्यात. फक्त कोणाच्या नावावर ते काम नव्हतं.

आणि काय हुकलं बघा तिचं. माटोळी हुकली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, कांगण्या आणि रानातली काय काय फळं बांधतात, अर्धी नावं आम्हालाच सांगता येत नाहीत, आजोबांना विचारावी लागतात. बॉटनी शिकणाऱ्याने पैसे भरून बघावं असं ते असतं. घुमट या मातीच्या वाद्यावर तास-तासभर चालणाऱ्या आरत्या, खतखतं, नेवऱ्या. हे सगळं वीस मिनिटांच्या अंतरावर चाललेलं आणि ती मॅगी खातेय.

म्हणून म्हणतो वार लावा. जुन्या माणसांना आठवत असेल, गरिबाचा मुलगा शिकायला परगावी गेला की सात घरं धरायचा, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, त्या त्या वारी त्या घरी त्याचं पान. पुण्यामुंबईत कित्येक पिढ्या अशा शिकल्या. आणि गोव्याला तर बाहेर जाऊन शिकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, इथे मेडिकल स्कूल १८४२ पासून होतं खरं, पण साधं बीए-बीएस्सी करायचं तर पहिली कॉलेजं निघाली १९६२ साली, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले. त्याच्या आधी आमची मुलं शिकायला गोव्याबाहेर जायची. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये संस्कृत शिकायचं म्हणून घर सोडून निघाले, पुणं झालं, काशीला अन्नछत्रात जेवून शिकले, तिथून पुढे बौद्ध धर्म शिकायला सिलोनपर्यंत, आणि नंतर हार्वर्डला पालीच्या ग्रंथांवर काम केलं. तेव्हा परक्या ठिकाणी शिकणारा पोरगा म्हणजे काय हे खरं तर आपल्याला ठाऊक असायला पाहिजे, आपणच होतो ते.

जुन्या वाराचं मी कौतुक करतोय असं समजू नका. पडवीत वेगळं पान, जात बघून घर मिळणार, वाढताना तोंड वाकडं, जेवणाच्या बदल्यात पाणी भरा, हे सगळं त्यात होतं आणि ज्यांनी खाल्लं त्यांच्या घशात ते जन्मभर अडकलं. ते नकोच. मला त्यातली एकच गोष्ट हवीय, ठरलेला वार. सणाला एकदा बोलावून चौदा पदार्थ वाढणं सोपं असतं, त्यात यजमानाची हौस फिटते. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे ये, घरात जे असेल ते, भात आणि माशाचं हुमण असेल तर तेच, पेज असेल तर पेज, आम्ही टीव्ही बघत असू तर तू पण बघ, हे करायला थोडा धीर लागतो कारण घर आवरलेलं नसतं. पण तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी ती स्वतःहून विचारते की प्रोफेसरला सरच म्हणायचं का नाव घेतलं तर चालतं, आयएसएची, म्हणजे सेमिस्टरमधल्या परीक्षेची, तारीख ऐन वेळी वॉट्सॲपवर टाकतात ते मला दिसतच नाही कारण त्या ग्रुपमध्ये मला कोणी घेतलेलंच नाही, पोटात दुखतंय तर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊ का प्रायव्हेटला. हे प्रश्न कोणी ऑफिसात जाऊन विचारत नाही. ताटावर बसून विचारतात.

आता लगेच पहिला आक्षेप माझ्या बायकोनेच घेतला आणि तो बरोबर होता. म्हणाली, दर गुरुवारी कोण करणार, तू? आपल्याकडे पाहुणचार म्हणजे पुरुषांनी आमंत्रण द्यायचं आणि बायकांनी ओट्यापाशी उभं राहायचं. तर ज्या घरात पुरुष किंवा मुलं स्वयंपाकाला हात लावत नाहीत त्यांनी जेवणाचा वार घेऊच नये, बाजाराचा वार घ्या. शनिवारी सकाळी मासळी मार्केटला जाताना तिला बरोबर न्या, भाव कसा करतात दाखवा, येताना भाजी-पाव खाऊन या. त्याने पण तेच होतं. आणि महिन्यातून एकदा तिला तुमच्या स्वयंपाकघरात तिच्याकडचं काहीतरी करू द्या, बिघडलं तरी चालेल, नाहीतर ती कायम पाहुणीच राहते आणि कायम पाहुणं राहणं फार दमवणारं असतं. बाकी आक्षेप, मुलीच्या सुरक्षिततेचे वगैरे, खरे आहेत, म्हणून घरांची यादी कॉलेजने करावी, ओळखीची घरं घ्यावी, मुलांना जोडीने पाठवावं. रात्री मुक्कामाला ठेवणार असाल तर तो २४ तासांचा फॉर्म तुम्हालाही लागतो, हे पण लक्षात ठेवा, नाहीतर प्रेमापोटी घोळ.

एक गोष्ट मात्र गोड बोलून टाळता येणार नाही. वर मी युरोपातली मुलगी म्हटलं, कारण एक्स्चेंज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोरी मुलगीच येते. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे भारतात उच्च शिक्षण घेणारे परदेशी विद्यार्थी ४६,८७८ होते आणि त्यात सगळ्यात जास्त, २८ टक्के, नेपाळचे. आफ्रिकेतली बरीच मुलं भारत सरकारच्या आयसीसीआरची स्कॉलरशिप घेऊन भारतात येतात. आणि गोव्यात आफ्रिकन मुलगा खोली शोधायला निघाला की काय होतं ते त्यालाच विचारा. फोनवर खोली रिकामी असते, दारात गेल्यावर कालच गेलेली असते. २०१३ मध्ये पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, त्यानंतर जी भाषा आमच्याकडे बोलली गेली, एका मंत्र्याने तर कॅन्सरची उपमा दिली आणि मग दिलगिरी व्यक्त केली, ती भाषा अजून पूर्ण गेलेली नाही. बसमध्ये बाजूची सीट रिकामी राहते. हा मुलगा फिजिक्समध्ये एमएस्सी करतोय हे कंडक्टरला कुठे माहीत असणार. कल्चर शॉक हा गोंडस शब्द अशा वेळी वापरला की मला राग येतो, कारण त्यात दोष त्या मुलाच्या न रुळण्यावर जातो. म्हणून वाराच्या यादीत पहिली अट हीच असावी, देश निवडायचा नाही, जो वाट्याला येईल तो आपला. फक्त फ्रेंच किंवा जर्मन पाहिजे असेल तर राहू दे, तुमच्या मुलाला भाषेचा क्लास लावा.

उलट्या दिशेचं पण बोलायला पाहिजे, कारण आमची मुलं आता मोठ्या संख्येने बाहेर जातात. जर्मनीला जाणाऱ्याला एजंट सगळं सांगतो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरलेलेच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे युरो दाखवा, पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात आणि पहिल्या रविवारी घरात ब्रेडसुद्धा नसतो हे सांगत नाही. तिथल्या विद्यापीठांचं एक मात्र घेण्यासारखं आहे, बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरच्या फीमध्येच बस-ट्रेनचा पास येतो, म्हणजे मूल पहिल्या दिवसापासून शहरात हिंडू शकतं. आमच्या विद्यापीठाच्या पठारावर अंधार पडला की मुलं पायलटची, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याची, वाट बघत उभी.

पण गोव्याची म्हणून एक खास भानगड आहे ती पोर्तुगीज पासपोर्टची. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, त्यामुळे म्हापशातला मुलगा लिस्बनला शिकायला जातो तो कागदावर तिथला नागरिक म्हणून. व्हिसाची कटकट नाही, सगळे म्हणतात नशीबवान. पण परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीत तो नसल्यामुळे त्यांच्यासाठी जी काय मदत असते, ती त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. ऑफिसच्या लेखी तो लोकल, आणि त्याला पोर्तुगीज येतं किती, तर आजीने शिकवलेलं बोम दिया. अशा मुलांना पाठवण्याआधी निदान सहा महिने पणजीत पोर्तुगीजचा क्लास करायला लावा, इथे शिकायची सोय आहे, पासपोर्ट काढायला जेवढी धावपळ करता त्याच्या चौथ्या हिश्श्याने करा.

बाहेर गेल्यावर आमचे कुठे जमतात तर आपल्या माणसांत. त्यात वाईट काही नाही. मुंबईत धोबीतलावला जेर महालच्या इमारतीत गोव्याच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, आहेत, बोटीवर कामाला जाणारा माणूस आपल्या गावच्या कुडीत ट्रंक ठेवायचा, चार पैशांत झोपायचा, सगळ्यांबरोबर तेर्स, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. पहिल्या रात्रीचं छप्पर कुडीसारखं कोणी देत नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीवर बॉक्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये काम केलंय, त्याचं पण असंच काहीसं म्हणणं होतं, मनाचा आधार आपल्या देशवाल्यांकडून मिळतो, पण अभ्यासाचं आणि व्यवहाराचं अडलेलं काम सोडवतो तो तिथला माणूस, आणि तिथल्या माणसाशी मैत्री आपोआप फारशी होत नाही. कूड आपोआप होते. वार कोणीतरी लावावा लागतो.

मग कॉलेजात जोडीदार म्हणून कोणाला नेमायचं. आता होतं काय की फाडफाड इंग्रजी बोलणारा, आधीच चार कमिट्यांवर असलेला मुलगा नेमतात, त्याला सर्टिफिकेट मिळतं आणि दुसऱ्या आठवड्यापासून तो मेसेजला उत्तर देत नाही. मी म्हणतो सत्तरीतून, पेडण्यातून, काणकोणातून, अशा लांबच्या तालुक्यांतून आलेली मुलं घ्या. मराठी शाळेत शिकलेली, पहिल्यांदा घर सोडून हॉस्टेलला आलेली. त्यांना माहीत असतं की पहिल्या रात्री झोप लागत नाही, मेसमधली आमटी घरच्यासारखी लागत नाही, वर्गात सगळे आपल्याला हसतायत असं वाटतं. इंग्रजी अडखळत असेल तर समोरच्याचंही अडखळत असतं बहुतेक वेळा, कोरियन किंवा ब्राझिलियन मुलाला आमच्या फास्ट इंग्रजीपेक्षा सत्तरीच्या मुलाचं सावकाश इंग्रजी जास्त कळतं. एका अशा मुलाला मी विचारलं, तुम्ही दोघं बोलता काय एवढं, तर म्हणाला सर आम्ही जास्त बोलत नाय, मी त्याला घेऊन कपडे इस्त्रीला टाकायला जातो. पावसात कपड्यांना बुरशी येते ती इस्त्रीने थांबते हे त्या पाहुण्याला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. या कामाला क्रेडिट द्यावं की नाही यावर आमच्याकडे मीटिंगमध्ये वाद होतात, माझं मत द्यावं, एनएसएसच्या तासांत धरायला काय हरकत आहे, फुकट काम शेवटी फुकटच राहतं.

आणि गोव्याला हे जमण्यासारखं आहे कारण आकडा छोटा आहे. दिल्ली-पुण्यासारखे हजारो विद्यार्थी आमच्याकडे नाहीत, एकेका कॉलेजात मोजकी परदेशी मुलं असतात. तेवढ्यांसाठी घरं शोधायला शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये एक कागद फिरवला तरी पुरे, वार, घर, फोन नंबर, मांसाहार चालतो का, घरात कुत्रा आहे का. जूनमध्ये फिरवा, म्हणजे जुलैत मुलं उतरतील तेव्हा पहिला वार त्याच आठवड्यात लागेल. आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला चवथीला हॉस्टेलमध्ये कोण कोण मागे राहणार आहे त्यांची नावं.